जर्मनीत रोबोटिक्स / ऑटोनॉमस सिस्टिम्समध्ये मास्टर्स करायचंय? आधी एपीएसला लागा

बी.ई. मेकॅनिकल, ईएनटीसी नाहीतर कॉम्प्युटर झालेली मुलं विचारतात, युनिव्हर्सिटीचा अर्ज कधी भरू? मी सांगते, अर्जाचं नंतर बघू, आधी एपीएस, म्हणजे जर्मन दूतावासाचा कागद तपासणारा विभाग. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना जर्मनीच्या स्टुडंट व्हिसाला एपीएस सर्टिफिकेट लागतं (काही मोजके अपवाद सोडून), आणि बऱ्याच युनिव्हर्सिटी ते अर्जासोबतच मागतात. तुमचे शिक्षणाचे कागद खरे आहेत ना एवढंच ते तपासतात. फी १८,००० रुपये. पासपोर्ट, दहावी-बारावीची मार्कशीट, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट किंवा ट्रान्सस्क्रिप्ट, डिग्री सर्टिफिकेट, इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर, हे आधी स्कॅन करून एका फोल्डरमध्ये टाका.

इथे आपल्या मुलांची एक नेहमीची अडचण म्हणजे नाव. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं, आईचं नाव खाली वेगळं, आणि पासपोर्टवर आपलं-वडिलांचं एकत्र आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. क्रम मागेपुढे असला तर फारसं बिघडत नाही, पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर जरी वेगळं असलं, कुठे डबल ए कुठे सिंगल, तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या, ऐन व्हिसाच्या वेळी ती धावपळ नको.

आता पात्रता. ऑटोनॉमस सिस्टिम्स म्हणजे रोबोटने सेन्सरवरून आजूबाजूचं ओळखायचं, आपण कुठे आहोत ते काढायचं आणि पुढची हालचाल स्वतः ठरवायची. त्यामुळे लिनिअर अल्जेब्रा, प्रोबॅबिलिटी, कंट्रोल आणि प्रोग्रॅमिंग किती झालंय हे बारकाईने बघतात, नुसती ब्रँच नाही. माझा मामेभाऊ पुण्यातून मेकॅनिकल झालेला, त्याच्या ट्रान्सस्क्रिप्टवर फक्त 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स ३' एवढंच. त्याच्या आत लॅप्लास, फूरिए, स्टॅटिस्टिक्स, प्रोबॅबिलिटी सगळं होतं, पण तिकडे बसलेल्या माणसाला हे कळणार कसं? मग आम्ही रात्री बसून त्याच्या पॅटर्नच्या सिलॅबसची पीडीएफ उघडली आणि प्रत्येक विषयापुढे आतले टॉपिक आणि तास लिहून दोन पानांचा तक्ता केला, आणि जिथे मोड्यूलची माहिती मागितली होती तिथे तोच लावला. मला विचाराल तर अख्ख्या अर्जात सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं काम हेच.

मार्कांचं रूपांतर बव्हेरियन फॉर्म्युल्याने होतं. जास्तीत जास्त १० आणि पास व्हायला ४ लागत असतील तर १० मधून तुमचा सीजीपीए वजा करा, ६ ने भागा, ३ ने गुणा, त्यात १ मिळवा. ८ सीजीपीए म्हणजे २.०, आणि ७ म्हणजे २.५. तिकडे आकडा जितका कमी तितका चांगला, आणि बऱ्याच ठिकाणी २.५ ची अट असते. आयईएलटीएस साधारण ६.५ धरून चाला.

कुठे भरायचं? झांक्ट आउगुस्टीन गावातल्या बॉन-राइन-झीग हॉखशुलेत (म्हणजे उपयोजित विज्ञानाच्या युनिव्हर्सिटीत) मास्टर ऑफ ऑटोनॉमस सिस्टिम्स नावाचाच कोर्स आहे, पूर्ण इंग्रजीत, आणि त्या राज्यात (नॉर्थ राइन-वेस्टफालिया) ट्यूशन फी नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत (टीयूएम) 'रोबोटिक्स, कॉग्निशन, इंटेलिजन्स' नावाचा कोर्स आहे, पण तिथे २०२४ च्या विंटर सेमिस्टरपासून युरोपबाहेरच्या नवीन मास्टर्सवाल्यांना सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो पडतात. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात सेमिस्टरला १,५०० युरो. कोर्स निवडायच्या आधी राज्य कुठलं ते बघाच, घरच्यांचा पैसा आहे.

काही ठिकाणी थेट पोर्टलवर अर्ज असतो, काही ठिकाणी युनि-असिस्टमधून (बऱ्याच युनिव्हर्सिटींचे अर्ज एकत्र घेणारी संस्था), तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. कुणी आधी व्हीपीडी मागतं, म्हणजे युनि-असिस्टने तुमचे मार्क तपासून दिलेला कागद, तो काढायला काही आठवडे जातात. विंटर सेमिस्टरच्या अर्जाची शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते पण काहींची मेअखेर किंवा त्याच्याही आधी संपते, म्हणून प्रत्येक कोर्सचं पान स्वतः उघडून तारीख वहीत लिहा, ग्रुपवर आलेल्या तारखेवर जाऊ नका.

ॲडमिशन लेटर आलं की ब्लॉक्ड अकाउंट. वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे, तिकडे गेल्यावर महिन्याला ९९२ असे मिळतात. एज्युकेशन लोन घेणार असाल तर बँकेला हे आधीच समजावून सांगा, कारण ही रक्कम फीच्या नावाखाली येत नाही आणि मॅनेजर तिथेच अडतात. मग हेल्थ इन्शुरन्स, एसओपी (हा कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र), सीव्ही, एपीएस, लेटर, असं सगळं जोडून व्हिसाचा अर्ज. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांचं काम मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे जातं. व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. ओरिजिनल डिग्री आणि मार्कशीट मात्र चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा, तिकडे एनरोलमेंटला त्या मागू शकतात.