हवाईत बेडूक का नव्हते?

‘प्रत्येक प्राणी त्याच्या जागेसाठी मुद्दाम घडवलेला आहे’ हा युक्तिवाद ऐकला की मला भर पॅसिफिक महासागरातली हवाई बेटं आठवतात. ऊब, पाऊस, ओढे, हवे तेवढे किडे. बेडकाला आणखी काय हवं? तरी तिथे मूळचा एकही बेडूक नाही. जागा मानवत नसेल म्हणावं, तर १९८०च्या दशकाच्या अखेरीस रोपांच्या कुंड्यांबरोबर प्वेर्तो रिकोचा ‘कोकी’ हा इवलासा बेडूक चुकून पोचला आणि आता रात्रभर ‘को-की, को-की’ करून लोकांची झोप उडवतो.

अडचण बेटावर नाही, वाटेत आहे. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, कातडीतून शोषतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. बेडकाच्या अंगातलं द्रव त्यामानाने फारच कमी खारट. मिठाच्या पाण्यात टाकलेली बटाट्याची फोड लिबलिबीत होते, ते शाळेतलं परासरण आठवा. ज्या कातडीने तो पाणी पितो, तिच्यातूनच समुद्र त्याला सुकवतो. अंड्यांनाही कवच नाही, नुसता बुळबुळीत थर. सरपटणाऱ्यांचं तसं नाही. १९९५ साली वादळांनंतर ओंडक्यांच्या तराफ्यावरून किमान १५ हिरवे इग्वाना कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाला लागले. वटवाघूळ तर उडतच जातं.

नेमकं हेच डार्विनने १८५९ साली विचारलं होतं: दूरच्या बेटांवर निर्मात्याने वटवाघळं घडवली, मग दुसरे सस्तन प्राणी का नाहीत? देव आहे की नाही, हे काही बेडूक सांगत नाहीत. पण ‘जागेसाठी घडवलं’ एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही.

डार्विन नुसता प्रश्न टाकून थांबला नाही. त्याने ८७ जातींच्या बिया २८ दिवस खाऱ्या पाण्यात ठेवल्या, ६४ रुजल्या. बदकाचे पाय टाकीत लोंबकळत ठेवले, तर नुकत्याच अंड्यातून निघालेल्या गोगलगायी त्यांना अशा चिकटल्या, की पाण्याबाहेर काढून झटकल्या तरी सुटेनात. दमट हवेत त्या १२ ते २० तास जगल्या. तेवढ्या वेळात पक्षी कुठल्या कुठे जातो!

हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर मात्र देशी बेडूक आहेत. पण तिथली ग्रॅनाइटची बेटं समुद्रातून वर आलेली नाहीत, ती गोंडवन या प्राचीन महाखंडाचा तुटलेला तुकडा आहेत; भारतही त्याचाच भाग होता. तिथल्या बेडकांचा जवळचा नातलग २००३ साली जगापुढे आला तो केरळातून: जांभळा, फुगीर, वर्षभर जमिनीखाली राहणारा आणि पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस वर येणारा.