ब्रिटिश समुद्रकिनाऱ्यावरील आइस्क्रीम

ब्रिटनमधील समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीशी, आणि त्यातही बालपणीच्या सुट्टीशी, आइस्क्रीमचे नाते इतके घट्ट आहे की तेथील अनेकांच्या आठवणीत ते खाद्यपदार्थ म्हणून कमी आणि त्या दिवसांची खूण म्हणून अधिक उरले आहे. रेल्वे, १८७१ च्या कायद्याने मिळालेल्या बँक-सुट्ट्या (म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या) आणि १९३८ च्या कायद्यानंतर रुजलेली पगारी रजा यांमुळे कामगार कुटुंबे ब्लॅकपूल, मारगेट, स्कारबरो अशा गावी जाऊ लागली, आणि आइस्क्रीम ही त्यांच्या आवाक्यातील चैन ठरली.

या आठवणी पक्क्या ब्रिटिश मानल्या जातात. आइस्क्रीम विकणारे मात्र पुष्कळदा इटालियन होते. एकोणिसाव्या शतकात इटलीच्या डोंगराळ गावांतून आलेली माणसे हातगाड्यांवर ‘पेनी लिक’, म्हणजे एका पेनीला पेल्यात मिळणारे आइस्क्रीम, विकत. जाड काचेच्या या छोट्या पेल्यात दिसे त्यापेक्षा कितीतरी कमी आइस्क्रीम मावे. ते चाटून संपवले की पेला विक्रेत्याला परत द्यायचा आणि तोच पुढच्या गिऱ्हाइकाच्या हाती जायचा. रोग पसरण्याच्या भीतीने लंडनमध्ये १८९९ साली या पेल्यांवर बंदी आली. पुढे खाता येणाऱ्या कोनाने तो प्रश्नच मिटवला.

काही कुटुंबांनी किनाऱ्यावर थाटाची दुकाने काढली. केंटमधील ब्रॉडस्टेअर्सचे मोरेली (१९३२) आणि स्कॉटलंडमधील लार्ग्सचे नार्डिनी (१९३५) ही त्यांतील नावाजलेली. परंतु जून १९४० मध्ये इटली ब्रिटनविरुद्ध दुसऱ्या महायुद्धात उतरताच याच समाजातील हजारो पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडण्यात आले. त्यांतील अनेकांना कॅनडाकडे घेऊन निघालेले ‘अरँडोरा स्टार’ हे जहाज २ जुलै रोजी जर्मन पाणबुडीने बुडवले आणि ४०० हून अधिक इटालियन मृत्युमुखी पडले. आइस्क्रीमच्या गोड आठवणी सांगताना हा प्रसंग क्वचितच निघतो. तो वगळला तर या विषयाची नोंद अपुरी राहते.

युद्धोत्तर पिढीच्या मनातले चित्र प्रामुख्याने ‘नाइन्टी-नाइन’चे आहे : यंत्रातून वळसे घेत उतरणारे, हवा घुसळून हलके केलेले पांढरे आइस्क्रीम आणि त्यात तिरकी खोचलेली, पापुद्र्यांची चॉकलेट-कांडी. वाऱ्यावर ते भराभर वितळते, ओघळ मनगटापर्यंत येतो आणि कोनाच्या कडेला वाळूचे कण चिकटतात. ईशान्य इंग्लंडमध्ये वरून ओतायच्या लाल रास्पबेरी सॉसला ‘माकडाचे रक्त’ म्हणतात, आणि तिथल्या माणसाला गावाची आठवण करून द्यायला तेवढा एक शब्द पुरतो. १९५० च्या दशकाअखेरीस आलेल्या आइस्क्रीमच्या फिरत्या मोटारगाड्यांनी त्यात ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ या जुन्या इंग्रजी गाण्याच्या किणकिणत्या सुरांची भर घातली.

१९६० नंतर स्वस्त विमानप्रवासामुळे लोक स्पेनच्या उन्हाकडे वळले आणि अनेक किनारी गावांना उतरती कळा लागली. आइस्क्रीमच्या आठवणींतल्या हुरहुरीमागे तेही एक कारण आहे : आइस्क्रीम आजही मिळते, पण एखाद्या गावाची सगळी वस्ती एकाच आठवड्यात एकाच किनाऱ्यावर लोटायची, ती सुट्टी आता नाही.