दिवा विकत घेण्याआधी

पाणवनस्पतींची टाकी लावायची ठरली की पहिली शोधाशोध होते ती दिव्याची, आणि जितका प्रखर तितका बरा असा सर्वसाधारण समज असतो. माझ्या मते खरेदीचा क्रम इथेच उलटा होतो. दिवा झाडांची भूक वाढवतो. ती भागवण्याचं काम दुसऱ्याच उपकरणांचं. प्रकाश वाढला की प्रकाशसंश्लेषण वेग घेऊ पाहतं. त्या वेगाला पुरेल इतका कार्बन, नायट्रोजन, पोटॅशियम किंवा लोह पाण्यात नसेल, तर झाडाची वाढ अडते. शेवाळाचं मात्र थोडक्यात भागतं, त्यामुळे वाया चाललेला प्रकाश तेच वापरतं.

टंचाई बहुधा सगळ्यात आधी जाणवते ती कार्बनची. हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ०.०४ टक्के. त्या हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, तो लिटरमागे एक मिलिग्रॅमही भरत नाही. त्यातून हा वायू हवेच्या मानाने पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पानाला लगटून पाण्याचा एक जवळजवळ स्थिर थर असतो, तोही पार करावा लागतो. टाकीतली बरीचशी लोकप्रिय झाडं, उदाहरणार्थ रोटाला, लुडविजिया, क्रिप्टोकोरीन, मुळात दलदलीतली. वर्षातला काही काळ त्यांची पानं पाण्याबाहेर, हवेत असतात. टाकीत ती कायमची बुडालेली राहतात. व्हॅलिसनेरियासारख्या काही वनस्पती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन मिळवू शकतात, पण ही सोय सगळ्यांकडे नसते.

म्हणून पहिला प्रश्न असा, की बाहेरून कार्बन डायऑक्साइड द्यायचा आहे का? नसेल तर अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन, मॉस अशी सावकाश वाढणारी झाडं घ्यावीत आणि दिवाही मंदच ठेवावा. द्यायचा असेल, तर सिलिंडर, दाब कमी करणारा रेग्युलेटर, बारीक झडप, विजेवर उघडणारा-मिटणारा सोलेनॉइड आणि बुडबुडे बारीक करणारा डिफ्यूझर असा सगळा संच लागतो. यात रेग्युलेटरवर काटकसर करू नये. सिलिंडरमध्ये द्रवरूप वायू असतो आणि आतला दाब खोलीच्या तापमानाला साठ बारच्या घरात असतो. झडप बिघडून वायू एकदम टाकीत शिरला, तर मासे गुदमरतात.

पाण्यात लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड ठेवण्याचा प्रघात आहे. तो ओळखायला ड्रॉप चेकर नावाची छोटी काचेची कुपी मिळते. तिच्यात ठरावीक क्षारतेचं पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्ल्यू हे दर्शक द्रव्य असतं. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जास्त. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, त्यामुळे कुपी आत्ताची नव्हे, मघाची स्थिती सांगते. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील, तर कुपी हिरवी असली तरी वायू बंद करावा. वायू दिव्याच्या तासभर आधी सुरू आणि तासभर आधी बंद; रात्री द्यायचाच नाही, कारण अंधारात झाडं तो वापरत नाहीत, उलट स्वतःच सोडतात.

आता दिवा. खोक्यावरचे लुमेन, म्हणजे उजेड मोजण्याचं एकक, माणसाच्या डोळ्याला काय उजळ दिसतं त्यावरून मोजलेले असतात, आणि आपला डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला जास्त दाद देतो. झाडाच्या दृष्टीने ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचे किती फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, पानावर पडतात ते महत्त्वाचं. ‘लिटरमागे इतके वॅट’ हा हिशोब ट्यूबलाइटच्या काळातला. एलईडीला तो लागू पडत नाही. प्रखरता कमी-जास्त करता येणारा दिवा घ्यावा. टाकी जितकी खोल तितका तळाशी कमी उजेड पोहोचतो, म्हणून नवख्याने उंच टाकीपेक्षा पसरट टाकी निवडलेली बरी. आणि टायमर! सगळ्यांत साधं यंत्र, पण रोज ठरल्या वेळी सहा ते आठ तास उजेड देण्याचं काम माणसाच्या आठवणीवर सोडू नये.

फिल्टर निवडताना फक्त कचरा गाळण्याचा विचार होतो. खरं तर माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू तिथल्या स्पंजवर आणि सच्छिद्र खड्यांवर राहतात. शिवाय फिल्टरच्या प्रवाहामुळे पानालगतचा तो स्थिर थर पातळ होतो. तासाला टाकीच्या पाच ते दहा पट पाणी फिरेल असा पंप चालतो. तोंड मात्र असं वळवावं, की पृष्ठभाग हलेल पण खळखळणार नाही. खळखळाटात दिलेला वायू उडून जातो.

हीटरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाणी २४ ते २६ अंशांवर राहत असेल तर तो नकोच.

बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरची एक गोष्ट माहितीपत्रकात क्वचितच सापडते. वीज काही तास गेली, की आतल्या साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपतो आणि जिवाणू मरू लागतात. वीज आल्यावर तो तसाच सुरू केला तर ते कुजकं पाणी थेट टाकीत येतं. आधी डबा उघडून ते पाणी ओतून द्यावं, आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलके पिळून घ्यावेत, क्लोरीन असलेल्या नळाखाली नाही.