बीडीडी चाळींचा पुनर्विकास

मुंबईत वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग (तिथले लोक अजून डिलाइल रोडच म्हणतात) इथल्या सरकारी चाळी पाडून त्याच जागेवर जुन्या रहिवाशांसाठी टॉवर आणि शेजारी खुल्या बाजारात विकायचे फ्लॅट बांधायची राज्य सरकारची योजना. काम म्हाडाकडे आहे. चौथी वसाहत शिवडीची, तिच्याबद्दल शेवटी.

बीडीडी हे नाव बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटवरून आलं. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, 1920 मध्ये, हे खातं निघालं. बीआयटी चाळी वेगळ्या, त्या 1896 च्या प्लेगनंतर 1898 ला स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या. बाबासाहेब आंबेडकर परळला राहायचे ती चाळ ट्रस्टची होती, बीडीडीची नव्हे, आणि ही गल्लत चांगल्या चांगल्या लेखांतही दिसते म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवतोय.

चाळी नेमक्या कशासाठी बांधल्या यावर दोन मतं आहेत. वरळीत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं ते असं की इंग्रजांनी हे तुरुंग म्हणून बांधले, म्हणून तर भिंती इतक्या जाड आणि मधला पॅसेज इतका अंधारा. दुसरं मत कागदपत्रांवरचं, की गिरणी कामगारांसाठी एका खोलीची 50,000 घरं बांधायची सरकारची योजना होती आणि तिच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसावर गाठीमागे 1 रुपया कर बसवला होता. अभ्यासकांचा कल दुसऱ्या मताकडे आहे आणि तेच पटतं, कारण तुरुंगच बांधायचा असता तर कापसावर कर कशाला लावला असता. पण तुरुंगाची गोष्ट अगदी हवेतली पण नाही, सविनय कायदेभंगाच्या काळात, 1930 च्या आसपास, सत्याग्रहींना ठेवायला वरळीच्या काही चाळी तात्पुरता तुरुंग म्हणून वापरल्या गेल्या. बहुधा ती आठवण मागे सरकत सरकत बांधकामालाच जाऊन चिकटली असावी.

बांधकाम साधारण 1921 ते 1925 मधलं धरतात. ठरल्यापेक्षा फारच कमी चाळी उभ्या राहिल्या: वरळीला 121, नायगावला 42, डिलाइल रोडला 32 आणि शिवडीला 12 मिळून 207 (शिवडीच्या 13 धरल्या की 208 होतात, जुन्या-नव्या लिखाणात दोन्ही आकडे सापडतात). आणि ज्या झाल्या त्याही लगेच भरल्या नाहीत. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब, जवळ बाजार नाही, भाडं कामगाराला झेपेना, त्यामुळे कितीतरी खोल्या बरीच वर्षं रिकाम्या पडून होत्या. आज जिथल्या चौरस फुटासाठी मारामार आहे तिथेच!

रचना सगळीकडे एकच. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर 20 खोल्या, म्हणजे चाळीत 80. मधे लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना दारं, संडास सामायिक. खोली 160 चौरस फुटांची, तिच्यात मोरी, ओटा, कपाट, पोटमाळा आणि पाच-सात माणसं, त्यामुळे अर्धा संसार पॅसेजमध्येच, पाण्याचे पिंप तिथे, चपला तिथे, रात्री मुलांच्या गाद्याही तिथेच. वरळीत आंबेडकरी वस्ती मोठी, जानेवारी 1974 ची वरळीची दंगल आणि दलित पँथरचा इतिहास याच चाळींमधून जातो, त्याची स्वतंत्र नोंद व्हायला हवी.

पुनर्विकासाची चर्चा जुनी, पण म्हाडाला काम द्यायचा निर्णय 2016 चा. विकास नियंत्रण नियमावलीत यासाठी खास कलम, 33(9)(ब), आलं. एप्रिल 2017 मध्ये वरळीच्या जांबोरी मैदानावर भूमिपूजन झालं, वरळीचं काम मात्र 1 ऑगस्ट 2021 ला पुन्हा एका समारंभाने सुरू झालं. मधली वर्षं पात्रता यादी, संक्रमण शिबिरात (ट्रान्झिट कॅम्प, म्हणजे बांधकाम होईपर्यंतचं तात्पुरतं घर) जायचं की भाडं घ्यायचं, आणि करारनामा हातात पडल्याशिवाय खोली सोडायची नाही या वादात गेली. रहिवाशांचा हा हट्ट बरोबरच होता. खोली सोडून ट्रान्झिटला गेलेली माणसं तिथेच म्हातारी झाल्याची उदाहरणं मुंबईत कमी नाहीत.

पात्र भाडेकरूला 500 चौरस फुटांचं घर मालकीहक्काने, फुकट. खर्च निघतो तो विक्रीच्या टॉवरमधून. खाजगी बिल्डर फक्त कंत्राटदार, जमीन सरकारची आणि विकासक म्हाडा, हा माझ्या मते या योजनेचा सगळ्यात मोठा गुण. याच चाळींमधल्या पोलीस सेवानिवासात (नोकरीपुरत्या मिळालेल्या खोल्यांत) राहणाऱ्यांचा प्रश्न निराळा होता, त्यांच्यासाठी घराची किंमत आधी 50 लाख, मग 25 आणि 2022 मध्ये 15 लाख ठरली. वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना 14 ऑगस्ट 2025 ला किल्ल्या मिळाल्या, इमारत 40 मजल्यांची.

जुने भाडेकरू आणि फ्लॅट विकत घेणारे एकाच जमिनीवर, म्हणून याला संमिश्र उत्पन्नाची वस्ती म्हणायचं तर एक गोष्ट स्पष्ट लिहायला पाहिजे. पुनर्वसनाच्या इमारती वेगळ्या आणि विक्रीच्या वेगळ्या, एकाच जिन्यावर श्रीमंत-गरीब असा हा प्रकार नाही. जमीन एक, लिफ्ट दोन. तरीही कुणाला विरार-बदलापूरला जावं लागलं नाही, पोरांची शाळा तीच, मंडळाचा गणपती आणि 14 एप्रिलची मिरवणूक त्याच रस्त्यावर, हे खरंच मोठं आहे. पुढे लिफ्ट आणि पंपाचा मेंटेनन्स पगारात कसा बसवायचा ही काळजी घराघरात आहे, म्हणून पहिली 12 वर्षं देखभाल मोफत असं जाहीर झालंय.

शिवडीच्या चाळी मुंबई पोर्टच्या (बंदराच्या), म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतल्या जमिनीवर. त्यामुळे बाकी तीन वसाहतींच्या कामात त्या नाहीत.