खिडकी मोठी केली तरी चित्र फुटू नये म्हणून

आमच्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर तुमच्या यंत्रणेची आकृती दिसते: टाक्या, झडपा, मीटर, कोपऱ्यात तुमचा लोगो. ही सगळी चित्रे आम्ही एसव्हीजी फाइलींमधून घेतो. ग्राहकांचे दोन प्रश्न सारखे येत असतात. खिडकी लहानमोठी करताना चित्र क्षणभर धूसर का होते? आणि आकृतीत बदल हवा असेल तर फाइल कशी पाठवायची?

एसव्हीजी फाइलीत चित्र नसतेच; ते कसे काढायचे एवढेच लिहिलेले असते. इथून तिथपर्यंत रेघ, इथे वर्तुळ, आत हा रंग. पडद्याला मात्र शेवटी पिक्सेलच लागतात, म्हणजे कधीतरी त्या मजकुराचे पिक्सेल करावेच लागतात. चित्र ज्या मापात दिसणार त्याच मापात ते केले, तर कडा धारदार येतात. आधी छोट्या मापात करून मग ताणले, तर फाइल व्हेक्टर (म्हणजे पिक्सेलऐवजी रेघा-आकारांची वर्णने असलेली) असूनही चित्र फुटते. 'व्हेक्टर आहे, आता काळजी नाही' हे म्हणूनच अर्धेच खरे.

माप बदलते तेव्हा

खिडकीची कड धरून ओढताना प्रोग्रॅमला 'माप बदलले' असा निरोप सेकंदाला कितीतरी वेळा येतो. प्रत्येक निरोपाला अख्खी आकृती नव्याने काढत बसलो, तर साध्या आयकॉनला काही होणार नाही. पण शेकडो पाइप असलेल्या आकृतीला खिडकी अडखळू लागेल. म्हणून ओढणे चालू असेपर्यंत आम्ही आधीचेच चित्र ताणून दाखवतो आणि हात थांबला की खऱ्या मापात पुन्हा काढतो. तो क्षणभराचा धूसरपणा जाणूनबुजून ठेवलेला आहे. हात थांबल्यावरही तो गेला नाही, तर मात्र आम्हाला कळवा.

दुसरी अडचण मॉनिटरच्या स्केलिंगची, म्हणजे पडद्यावरचे सगळे किती टक्के मोठे दाखवायचे त्या सेटिंगची. विंडोजमध्ये ९६ डीपीआय (इंचाला ९६ ठिपके) म्हणजे १०० टक्के. १६ पिक्सेलचे आयकॉन १२५ टक्क्यांवर २० पिक्सेलचे होते, १५० टक्क्यांवर २४ चे. लॅपटॉप १५० टक्क्यांवर आणि शेजारचा मॉनिटर १०० टक्क्यांवर असेल, तर खिडकी एकावरून दुसऱ्यावर सरकवताच चित्र पुन्हा काढावे लागते, खिडकीचे माप तेच दिसत असले तरी. तयार केलेले चित्र आम्ही साठवून ठेवतो, पण त्यासोबत माप, स्केलिंग आणि रंग या तिन्हींची नोंद असते. यातले काहीही बदलले की जुने चित्र बाद. गडद थीम निवडल्यावर काळे आयकॉन काळ्या पार्श्वभूमीवर राहत नाहीत, ते या रंगाच्या नोंदीमुळे.

बारीक रेघेची गोष्ट वेगळी आहे. एक पिक्सेल जाडीच्या उभ्या रेघेचा मध्य बरोबर दोन पिक्सेलच्या सीमेवर आला, तर अर्धी रेघ एका पिक्सेलवर पडते, अर्धी दुसऱ्यावर. काळ्या रेघेऐवजी दोन पिक्सेल रुंदीची राखाडी पट्टी दिसते. रेघ अर्धा पिक्सेल सरकवली की ती पुन्हा काळी आणि बारीक होते. पण हा उपाय १०० किंवा २०० टक्क्यांसारख्या पूर्ण पटीतच लागू पडतो. १२५ टक्क्यांवर हिशेब परत बिघडतो. त्यामुळे आकृतीत केसासारख्या रेघा शक्यतो टाळाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आकडे बदलतात तेव्हा

टाकीची पातळी बदलली म्हणून पूर्ण आकृती नव्याने लोड करण्यात अर्थ नाही. फाइलीतल्या प्रत्येक हलत्या भागाला आयडी, म्हणजे स्वतःचे वेगळे नाव असते. आम्ही तो भाग शोधतो, त्याची एखादी किंमत बदलतो आणि खिडकीचा तेवढाच तुकडा पुन्हा रंगवतो. स्थिर भाग वेगळ्या थरात आधीच काढून ठेवलेला असतो.

इथे एक खाचखळगा आहे. एसव्हीजीत उभे अंतर वरून खाली मोजतात. समजा, टाकीची वरची कड २० वर आहे आणि तळ १८० वर, म्हणजे उंची १६०. पातळी २५ टक्के असेल तर पाण्याच्या आयताची उंची ४० झाली पाहिजे. पण नुसती उंची बदलली तर पाणी टाकीच्या माथ्याला लटकते! त्यासोबत आयताची सुरुवातही १४० वर न्यावी लागते. आकृती तुम्ही स्वतः बनवत असाल, तर पाण्यासाठी फक्त साधा आयत काढा. गोलाकार तळ हवा असेल, तर तो वरून झाकणाऱ्या बाह्यरेषेत दाखवा.

फाइल पाठवण्याआधी

व्ह्यूबॉक्स असलाच पाहिजे. चित्राची मूळ चौकट किती हे त्यावरूनच कळते. तो नसेल तर माप बदलताना चित्र कापले जाऊ शकते किंवा एका कोपऱ्यात आक्रसून बसते. नावात एसव्हीजी असूनही आत नुसता फोटो चिकटवलेला असतो, अशा फाइलीही येतात. त्या मोठ्या केल्या की फुटणारच, त्याला आमच्याकडे इलाज नाही.

धूसर सावल्या आणि फिल्टर टाळा. चित्रे काढायला आम्ही क्यूटी ही प्रोग्रॅमचे पडदे बनवण्याची तयार लायब्ररी वापरतो. तिचा एसव्हीजी भाग मुळात एसव्हीजीच्या २००८ च्या टायनी १.२ या आटोपशीर प्रकारावर बेतलेला आहे. पुढच्या आवृत्त्यांत त्यात भर पडली, तरी ब्राउझरमध्ये जे दिसते ते सगळे इथे दिसेलच असे नाही.

लोगोतली अक्षरे पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेघांच्या आकारांत, बदलून पाठवा, नाहीतर ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे भलताच फॉन्ट येईल. मीटरच्या वाचनाचे आकडे मात्र मजकूर म्हणूनच राहू द्या. पाथ झालेला आकडा आम्हाला बदलता येत नाही.

आणि सुधारित आकृती पाठवताना जुने आयडी जसेच्या तसे ठेवा. काही ड्रॉइंग प्रोग्रॅम सेव्ह किंवा एक्स्पोर्ट करताना ते परस्पर बदलतात. तसे झाले तर आकृती दिसते झकास, पण पंप चालू झाला तरी त्याचा दिवा लागत नाही.