वाचा-भाषा विलंबाची पारख

मूल वयाच्या मानाने कमी बोलत असेल, सांगितलेले त्याला कमी समजत असेल किंवा त्याचे बोलणे परक्यांना कळत नसेल, तर त्याला तज्ज्ञांच्या मदतीची गरज आहे का, हे ओळखण्याची रीत. वाचा म्हणजे उच्चार आणि भाषा म्हणजे अर्थ. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. काकाला ‘ताता’ म्हणणाऱ्या, पण ‘ताता आला’ असे आपणहून सांगणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाची भाषा छान चालली आहे, ‘क’ तेवढा यायचा आहे. साडेतीन वर्षांचे मूल जाहिराती आणि बडबडगीते घडाघडा म्हणते, पण ‘कोण आलं?’ असे विचारल्यावर ‘कोण आलं’ एवढेच परत म्हणते, तेव्हा त्याचे उच्चार पुढे आणि भाषा मागे असते. घरात ‘ताता’ म्हणणाऱ्याची काळजी होते आणि बडबडगीते म्हणणाऱ्याचे कौतुक. खरी घाई या दुसऱ्यासाठी हवी.

वयाचे ढोबळ टप्पे असे : सहा महिन्यांच्या सुमारास बाळ आवाजाकडे वळते. सात ते दहा महिन्यांत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरमाळ सुरू होते. वर्षाचे होताना ते नावाला वळते, टाटा करते, हवे ते बोटाने दाखवते आणि एखादा शब्द बोलते. दीड वर्षाला दहाएक शब्द, दोन वर्षांना सुमारे ५० शब्द आणि ‘आई ये’, ‘माऊ गेली’ अशा जोड्या अपेक्षित असतात. तीन वर्षांच्या मुलाचे बरेचसे बोलणे आणि चार वर्षांच्या मुलाचे जवळपास सगळे बोलणे परक्याला कळावे. वर्षापर्यंत अक्षरमाळ किंवा बोट दाखवणे नसेल, दीड वर्षाला एकही शब्द नसेल, दोन वर्षांना दोन शब्दांची जोडी नसेल, तर तपासणी करून घ्यावी. येत असलेले शब्द गेले, तर वय कोणतेही असो, एक आठवडाही थांबू नये.

शब्द मोजताना मोठ्यांचीच फसगत होते. मूल आपणहून आणि दर वेळी त्याच अर्थाने वापरते तो शब्द. भातासाठी नेहमी ‘मम’ म्हणत असेल तर तो शब्द धरावा. ‘भू भू’, ‘हम्मा’ही धरावेत. ‘म्हण, आजी’ असे सांगितल्यावर आलेला ‘आजी’ धरू नये. आठवडाभर कागदावर यादी करावी, म्हणजे अंदाजाचा घोळ राहत नाही. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द एकत्र मोजावेत. दोन भाषांमुळे मूल मुके राहत नाही. बंगळुरूच्या किंवा दुबईच्या मराठी घरांतून शाळेसाठी मराठी बंद केली जाते. त्यात आईवडिलांची सहज, भरघोस भाषाच मुलापासून काढून घेतली जाते.

शब्दसंख्येपेक्षा समज जास्त सांगून जाते. ‘दिवा कुठंय?’ विचारताना आपली मान दिव्याकडे वळते, ‘चप्पल आण’ म्हणताना बोट दाराकडे जाते, ‘टाटा कर’ म्हणताना हात आधीच हलतो. मूल हात पाहून वागते आणि घरचे म्हणतात, ‘त्याला सगळं कळतं, फक्त बोलत नाही.’ म्हणून हात मांडीवर ठेवून, मुलाच्याच डोळ्यांत पाहत, सवयीच्या वेळेबाहेर सांगावे : ‘बाबांचा चष्मा आण.’ दोन वर्षांच्या मुलाला अशी साधी सूचना कळायला हवी. शब्द थोडे, पण समज, खुणा आणि खेळ चांगला असलेली बरीच मुले पुढे भरून काढतात. समजही कमी असेल तर ती शक्यता घटते. हवी ती वस्तू बोटाने न दाखवता मोठ्यांचा हात धरून तिकडे नेणे, हाकेला न वळणे, आवडलेली गोष्ट दुसऱ्याला न दाखवणे यांत स्वमग्नतेचीही (ऑटिझम) तपासणी करावी लागते.

कारण काहीही वाटले तरी पहिली तपासणी कानांची. ताट वाजवून घेतलेली परीक्षा कुचकामी आहे : आवाज फार मोठा असतो, जमिनीतून हादरा जाणवतो, हात हललेला दिसतो. उंच पट्टीतले आवाज ऐकू न येणारे मूल ढोलाला वळते, पण त्याला ‘स’, ‘श’ ऐकू येत नाहीत. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठले तर ऐकणे कधी बरे, कधी कमी असते आणि मूल ‘लक्ष देत नाही’ असे ठरते. नवजात अतिदक्षता विभागातला मुक्काम, रक्त बदलावे लागलेली कावीळ, मेंदुज्वर, घरातील बहिरेपण, आतेमामे नात्यातले लग्न, यांपैकी काही असेल तर लक्षणांची वाटच पाहू नये. नवजात बाळाची ओएई चाचणी, म्हणजे आतल्या कानाचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद टिपणे, झोपेत काही मिनिटांत होते. शंका आल्यास बेरा चाचणी करतात. तीत आवाज कानाच्या नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का, हे पाहतात. पहिल्या महिन्यात प्राथमिक चाळणी-तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र व प्रशिक्षण, हे ध्येय मानले जाते.

‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बापही चौथ्या वर्षी बोलला’ या दिलाशांत वर्षे जातात. मुलगे सरासरीने थोडेच मागे असतात, आणि घराण्यातला उशीर हा तपासणी लवकर करण्याचा मुद्दा आहे. जिभेखालचा पडदा कापून न बोलणारे मूल बोलू लागत नाही. फार तर काही उच्चारांना मोकळीक मिळते. वेखंड मधात उगाळून चाटवल्याने वाचा येत नाही, आणि वर्षाखालच्या बाळाला मध देणे धोक्याचे आहे.

उच्चारांत प, ब, म लवकर येतात. ‘क-ग’ मागाहून, आणि ‘र’, ‘ळ’, जोडाक्षरे सर्वांत शेवटी. पाच वर्षांचे मूल ‘राम’ला ‘लाम’ म्हणाले तर धीर धरता येतो. दिवसभर आईजवळ असलेला तीन वर्षांचा मुलगा ‘मी जाते’ म्हणतो, त्यातही दोष नाही. तीस महिन्यांनंतरही ‘पाणी’चे ‘आणी’, ‘भात’चे ‘आत’ होत असेल, म्हणजे पहिले व्यंजनच गळत असेल, तर दाखवावे. ‘प’, ‘ब’ म्हणताना हवा नाकातून जात असेल तर टाळू आणि पडजीभ तपासून घ्यावी. टाळूची फट कधी कातडीखाली लपलेली असते.

तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. ‘मला मला मला’ अशी अख्ख्या शब्दाची पुनरुक्ती बहुतेक मुलांत दिसते. ‘म-म-मला’, ‘मऽऽला’ किंवा तोंड उघडून आवाजच न फुटणे, सोबत डोळे मिचकावणे, मान झटकणे, हे सहा महिन्यांहून जास्त टिकले तर मदत घ्यावी. ‘सावकाश बोल’ असे बजावू नये. आपणच बोलण्याचा वेग कमी करावा आणि वाक्य त्यालाच पुरे करू द्यावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३ पासून) पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात व पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था (स्थापना १९८३) आहे. खासगी वाचा-उपचारतज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. नव्या खोलीत मूल गप्प होते, म्हणून घरी खेळताना-जेवतानाचे मोबाइलवरचे दोन-तीन मिनिटांचे चित्रण, शब्दांची यादी आणि जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे. बेरा चाचणी झोपेत करतात, म्हणून त्या सकाळी मुलाला आधी जागे ठेवावे. चाचणीच्या वेळी ते झोपले नाही तर फेरी फुकट जाते.