पिचच्या पाच मिनिटांत शरीर काय करते

स्टार्टअपची पिच, म्हणजे गुंतवणूकदारांसमोर काही मिनिटांत केलेली धंद्याची मांडणी, बिघडते ती बहुतेक वेळा पहिल्याच मिनिटात. यंत्र व्यवस्थित चाललेले असते, हिशेब पाठ असतो, तरी गुंतवणूकदारांसमोर उभे राहिले की तोंडाला कोरड पडते, आवाज वर चढतो आणि वाक्ये एकमेकांवर आदळू लागतात. आपल्याकडे याला ‘स्टेज डेअरिंग नाही’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. खरे तर त्या मिनिटात शरीर ठरलेल्या क्रमाने वागत असते. तो क्रम माहीत असला की तयारी कुठे करायची हेही कळते.

चारचौघांत आपली पारख होणार हे मेंदूने ओळखले की अनुकंपी चेतासंस्था (संकटात शरीराला सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे) जागी होते आणि काही सेकंदांत अॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात उतरते. हृदयाचे ठोके वाढतात, लाळ कमी होऊन चिकट होते आणि श्वास पोटातून छातीत येतो. श्वास अपुरा, त्यात स्वरयंत्राचे स्नायू ताठरलेले, म्हणून आवाज बारीक होतो. वाक्य मध्येच तुटते तेही याच अपुऱ्या श्वासामुळे. धीराची गोष्ट एवढीच की बहुतेकांची भीती बोलायला लागण्याच्या क्षणी सर्वांत जास्त असते आणि नंतर उतरत जाते. त्यामुळे पहिली दोन वाक्ये शब्दन् शब्द पाठ हवीत. बाकीची पिच मात्र मुद्द्यांवरून बोलावी. सगळेच पाठ केले आणि एक शब्द निसटला, तर पुढची ओळही सापडत नाही.

श्वासाचा उपाय साधा आहे. नाव पुकारले जाण्याआधी पाच मिनिटे, चार सेकंद श्वास आत आणि सहा सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेमुळे हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडणे लांब ठेवायचे. पाणी सकाळपासून थोडे थोडे प्यावे. ऐनवेळी घेतलेला घोट तोंड ओले करतो, पण तो अन्ननलिकेत जातो, स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. आणि बाहेर वाट पाहत दोन-तीन कप चहा मारणे टाळाच. कॅफिनचा जोर साधारण अर्ध्या ते एका तासात टिपेला जातो, म्हणजे नेमका तुमचा नंबर लागतो तेव्हा.

‘शांत हो’ हा सल्लाही फारसा कामाचा नाही. हार्वर्डच्या अॅलिसन वूड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणाआधी स्वतःला ‘मी शांत आहे’ असे सांगणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ असे सांगणाऱ्यांची भाषणे परीक्षकांना अधिक चांगली वाटली. धडधडते हृदय शांत करणे अवघड. तीच धडधड हुरूप म्हणून घेणे त्यामानाने सोपे. सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये दाखवले की आपली घबराट समोरच्याला जेवढी दिसते असे आपल्याला वाटते, तेवढी ती दिसतच नाही. ज्यांना हे भाषणाआधी सांगितले होते त्यांची भाषणे सुधारलीही.

भीती आवरली तरी एक अडचण उरते, आणि माझ्या मते तीच जास्त घातक आहे. स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये काही जणांना ओळखीच्या गाण्यांच्या चाली टेबलावर बोटांनी वाजवायला लावल्या. निम्मी गाणी ऐकणारे ओळखतील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खे गाणे चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. उद्योजकाचे असेच होते.

समजा, लातूरच्या एका तरुणाने सोयाबीनची ओल मोजणारे हातातले यंत्र बनवले आहे. तो सुरुवात करतो ती कपॅसिटन्सपासून, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेपासून: पाण्याचा परावैद्युतांक (ही क्षमता किती पट वाढते त्याचे माप) सुमारे ८०, कोरड्या धान्याचा त्यामानाने अगदी कमी, म्हणून ओल वाढली की मोजमाप बदलते. शास्त्र बरोबर आहे, जागा चुकली आहे. सरकारी खरेदीत सोयाबीनच्या ओलीची नेहमीची मर्यादा १२ टक्के. मोंढ्यात आडत्याने माल हातात घेऊन १४ धरली आणि टक्क्यामागे क्विंटलला एक किलो कापला, तर २० क्विंटलमागे ४० किलो गेले. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ते सुमारे २,१३० रुपये होतात. पिचचे पहिले वाक्य हे हवे: “एका खेपेत शेतकऱ्याचे दोन हजारांवर रुपये ओलीच्या अंदाजात जातात, ती ओल त्याला घरीच मोजता येईल असे यंत्र आम्ही बनवले आहे.” कपॅसिटन्स प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवावा. कोणीतरी विचारतेच.

आकडे किती द्यावेत? नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या मांडणीप्रमाणे आपण एका वेळी मनात साधारण चारच गोष्टी धरू शकतो. म्हणून चारच: विक्रीची किंमत, बनवायचा खर्च, आजवरचे पैसे देणारे ग्राहक, गुंतवणूकदारांकडे मागायची रक्कम. ‘देशाची बाजारपेठ हजारो कोटींची, त्यातला फक्त एक टक्का’ हा हिशेब ऐकून गुंतवणूकदारांचे कान किटले आहेत. त्यापेक्षा खालून मोजत यावे: एका तालुक्यात किती शेतकरी गट, त्यातले किती घेतील, कितीला. पिच मुंबईत किंवा पुण्यात इंग्रजीत असेल तर लाख आणि मिलियनची गल्लत ठरलेली. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा. असे आकडे स्लाइडवर लिहूनच ठेवावेत.

स्लाइडवर परिच्छेद नको. लोक वाचत असतात तेव्हा तुमचे ऐकत नाहीत, कारण दोन्ही कामे मेंदूच्या त्याच भाषेच्या वाटेने जातात. आणि फाइल पीडीएफ करूनच न्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य खुणा होऊन उमटतो.

प्रशिक्षण वर्गांत एक आकडा हमखास ऐकवतात: संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि देहबोली. मूळ आहे आल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग. त्यांत सुट्या शब्दांमागची आवड-नावड लोक कशी ओळखतात एवढेच तपासले होते. व्यवसायाच्या हिशेबाला ते लागू नाही.

माइकचेही बघून घ्या. तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. हातातला माइक १० ते १५ सेंटिमीटरवर, तोंडाच्या जरा बाजूला धरावा. त्याच्या जाळीभोवती मूठ आवळली की शिट्टी वाजते. उन्हाळ्यात सभागृहात कूलर घरघरत असतील तर आपण नकळत ओरडू लागतो, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. त्याने घसा बसू शकतो. आयोजकांना सांगून जवळचा कूलर तेवढ्यापुरता बंद करवून घ्यावा.

आता प्रश्नोत्तरे. इथे बरेच जण गाफील असतात. अॅड्रेनलिन झटकन येते, कोर्टिसोल हे ताणाचे दुसरे संप्रेरक मात्र सावकाश चढते आणि ताण सुरू झाल्यापासून साधारण २० ते ४० मिनिटांनी टिपेला पोहोचते. ताण बाहेर वाट पाहतानाच सुरू झालेला असतो, म्हणजे हे होते ते बोलणे संपून हायसे वाटू लागते, त्याच सुमारास. कोर्टिसोल वाढले की साठवलेली माहिती आठवायला जड जाते, हे प्रयोगांत दिसले आहे. ‘मागच्या तिमाहीत किती यंत्रे परत आली?’ याचे उत्तर घरी तोंडपाठ आणि इथे गायब, हे त्यामुळेच. असे दहा-बारा प्रश्न आणि त्यांची आकड्यांतली उत्तरे एका कार्डावर लिहून खिशात ठेवावीत, सादरीकरणाच्या शेवटी राखीव स्लाइडही असाव्यात. सरावही उभे राहून करावा, आणि तोही धंद्यातले काही न कळणाऱ्या तीन-चार जणांसमोर. पिच झाल्यावर वीस मिनिटे थांबून त्यांना प्रश्न विचारायला लावावे.